हवेतलं गायरान



या वेळचा विषय थोडा यंत्राबिंत्राचा वाटेल, पण बिचकू नका. उभी हयात शाळेत इतिहास शिकवण्यात गेली, त्यामुळे मी कुठूनही निघाले तरी शेवटी सनावळ्यांतच जाऊन पोचते. आज निघायचं आहे कॉम्प्युटरला लावायच्या एका बोटभर वस्तूपासून. तिला वायरलेस अ‍ॅडाप्टर म्हणतात.

आमचा घरचा कॉम्प्युटर जुना, टेबलावर ठाण मांडून बसणारा. त्याच्या पोटात वाय-फायची सोय नाही. आजवर तो बाहेरच्या खोलीत राउटरशेजारी वायरीने बांधलेला होता. आता तो आतल्या खोलीत गेला आणि मधल्या भिंतीला भोक पाडायला घरात कुणाचीच संमती मिळेना. तेव्हा नातवाने हा अ‍ॅडाप्टर आणला. दिसायला पेन ड्राइव्हसारखा, काम मात्र दुहेरी. कॉम्प्युटरकडून आलेली माहिती रेडिओलहरींवर चढवून बाहेर सोडायची आणि बाहेरून आलेल्या लहरींवरची माहिती उतरवून कॉम्प्युटरला द्यायची. म्हणजे हा नुसता ऐकणारा रेडिओ नाही, हे एक चिमुकलं प्रक्षेपण केंद्रही आहे. एवढं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लावायची कृती सोपी निघाली. मागच्या बाजूच्या यूएसबीच्या खाचेत तो खोचला. मग ड्रायव्हर घालायचा. ड्रायव्हर म्हणजे अ‍ॅडाप्टर आणि कॉम्प्युटर यांच्यामधला दुभाषी. तो नसला तर दोघं एकमेकांकडे नुसते बघत बसतात. काही वेळा हा दुभाषी कॉम्प्युटरकडे आधीपासूनच असतो. नसला तर इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो, आणि ज्याला अजून इंटरनेटच नाही त्याने तो उतरवायचा कसा? कोंबडी आधी की अंडं आधी, त्यातलाच प्रकार. नातवाने तो दुसऱ्या मशीनवर उतरवला, पेन ड्राइव्हवर घातला आणि इकडे आणून बसवला. पडद्याच्या कोपऱ्यात यादी उघडली. आमच्या इमारतीतल्या एकूण एक घरांची नावं त्यात! कुणाचं आडनाव, कुणाच्या कुत्र्याचं नाव, कुणाचे नुसतेच आकडे. आमचं नाव निवडलं, पासवर्ड दिला, झालं.

झालं खरं, पण खोली आतली असल्यामुळे वेग कमी येत होता. म्हणून नातवाने राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं. तिथे एक रकाना होता : देश. त्यापुढे 'भारत' असं निवडलेलं होतं.

मी विचारलं, "अरे, घरातल्या घरात वापरायच्या यंत्राला देश कशाला हवा?"

"आजी, प्रत्येक देशाचे लहरींचे नियम वेगळे. या पट्ट्यात अमेरिकेत साधारण ११ चॅनेल वापरतात, आपल्याकडे १३ चालतात. ताकद किती ठेवायची तेही ठरलेलं असतं."

"ठरवलं कुणी?"

"सरकारने. पण आपल्याला परवाना वगैरे काही काढावा लागत नाही हां!"

त्याच्या दृष्टीने ते सांगून विसरून जाण्यासारखं वाक्य होतं. माझ्या मनात मात्र ते अडकून बसलं. कारण माझ्या लहानपणी घरात रेडिओ ठेवायला परवाना लागत असे.

साठीच्या पुढच्या मंडळींना आठवत असेल. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९६१ साली व्हॉल्व्हचा रेडिओ घेतला. आळीतला तो दुसरा रेडिओ. रेडिओबरोबर एक छोटं पुस्तकही आलं, लायसन्सचं. दरवर्षी ते घेऊन पोस्टात जायचं, फी भरायची, पोस्टातले लोक त्यात तिकिटं चिकटवून वर शिक्का मारून देत. मी अण्णांचं बोट धरून जात असे, त्या शिक्क्याचा 'ठप्प' आवाज मला फार आवडायचा. ते पुस्तक रेशन कार्डाशेजारी फडक्यात गुंडाळून ठेवलेलं असे, न जाणो तपासनीस आला तर! बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की आमच्या ओट्यावर निम्मी आळी जमायची. ऐकणारे पन्नास, लायसन्स एकाचं. त्याबद्दल मात्र कायदा काही म्हणत नव्हता!

मोठी झाल्यावर, इतिहास शिकवायला लागल्यावर, त्या पुस्तकामागचा कायदा मला सापडला. भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा, सन १९३३. तो १९३४ च्या १ जानेवारीपासून लागू झाला. त्याआधीच्या १८८५ च्या तार कायद्याने तारायंत्रं उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे घेतलेला होताच. १९३३ च्या कायद्याने त्यापुढे जाऊन सांगितलं, की परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा. पहिल्या वेळी सापडलात तर १०० रुपयांपर्यंत दंड. १९३३ सालचे १०० रुपये बरं का! मुंबईचं नभोवाणी केंद्र १९२७ च्या २३ जुलैला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या हस्ते सुरू झालं होतं, तेव्हा लायसन्सच्या फीमधून नभोवाणीचा खर्च भागवायचा हा एक व्यावहारिक हेतू होताच. पण कायद्याचा गाभा फीचा नव्हता. हवा कुणाची, या प्रश्नाचं ते उत्तर होतं. हवा सरकारची.

नेहमीच असं होतं का? नाही. अगदी सुरुवातीला या लहरींना मालकच नव्हता. जर्मनीत हाइनरिश हर्ट्झने १८८७-८८ मध्ये त्या प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या. १८९५ च्या सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोसांनी लोकांसमोर प्रयोग केला. लहरी भिंतींतून पार गेल्या, पलीकडच्या खोलीतली घंटा वाजली, बंदुकीच्या दारूचा बार उडाला. बोस ज्या लहरी वापरत त्यांची लांबी काही मिलिमीटरपासून दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत होती. आपल्या वाय-फायच्या नेहमीच्या लहरी साधारण १२ सेंटिमीटरच्या. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी हा माणूस आपल्याही पुढच्या टोकाला काम करत होता. मार्कोनीने मात्र लांबच लांब लहरी धरल्या आणि डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपार संदेश पोचवला. जहाजांना, सैन्याला, व्यापाराला दूरवर पोचणारी लहर हवी होती. तोकड्या लहरींकडे कुणी फिरकलं नाही.

मग १९१२ साली टायटॅनिक बुडाली. समुद्रावर बिनतारीचा गोंधळ किती जीवघेणा ठरू शकतो हे साऱ्या जगाला दिसलं. त्याच वर्षी अमेरिकेने रेडिओचा कायदा केला. चांगल्या लहरी जहाजांना आणि आरमाराला, आणि हौशी लोकांना २०० मीटरच्या खालच्या लहरी. त्या काळी जाणकारांचं मत असं, की एवढ्या तोकड्या लहरी कुचकामी आहेत, खेळू द्या पोरांना तिथे. दहा-अकरा वर्षांत त्याच हौशी मंडळींनी त्या टाकाऊ लहरींवरून अटलांटिक ओलांडून दाखवला! मग सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. १९२७ साली आपल्या पुण्याजवळ खडकीहून प्रक्षेपण आणि दौंडला ग्रहण अशी थेट इंग्लंडशी बोलणारी बिनतारी सेवा सुरू झाली, ती लघुलहरींवरच. आमची बिनाका गीतमालासुद्धा लघुलहरींवरूनच यायची.

हे वाचताना मला आमच्या गावचं गायरान आठवतं. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला मुरमाड जमीन, पेरलं तर बी वाया जाईल अशी. म्हणून ती कुणाच्याच नावावर नाही, गावाची. गुरं चरायची, पोरं विटीदांडू खेळायची, लग्नाच्या पंगती तिथे, यात्रेचं कुस्तीचं मैदान तिथे. कुणी कुणाची परवानगी घेत नसे. नियम मात्र होते, आणि ते कुठे लिहिलेले नव्हते. दुसऱ्याच्या गुरांना हुसकायचं नाही, कुंपण घालायचं नाही.

आपल्याकडे हवेत मात्र तेव्हा गायरान नव्हतं. सगळी सरकारी जमीन. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा ठराव झाला, नेते एका रात्रीत तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांची तोंडं बंद झाली. तेव्हा मुंबईत २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ ऑगस्टला काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटरवर. प्रक्षेपणाची जागा सारखी बदलायची, कारण लहरींचा माग काढत पोलीस येत. चितगाव, जमशेदपूर, आष्टी-चिमूर, अशा ज्या बातम्या कुठे छापल्या जात नव्हत्या त्या तिथून सांगितल्या जात. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घातला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्या मुंबईत प्राध्यापक झाल्या, १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. नववीच्या वर्गात हा भाग शिकवताना मी मुलांना नेहमी विचारायची, "त्यांच्याकडे शस्त्र होतं का?" वर्ग म्हणायचा, नाही. "मग चार वर्षं कशाची?" बोलण्याची! ऐकणाऱ्याला फी होती आणि परवानगीवाचून बोलणाऱ्याला तुरुंग.

आता त्याच महिन्यातला एक योगायोग सांगते. ११ ऑगस्ट १९४२. मुंबईत लोक रस्त्यावर होते, आणि तिकडे अमेरिकेत हेडी लमार ही सिनेनटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार या दोघांना एक पेटंट मिळालं. शत्रूला पाणतीराच्या नियंत्रणात अडथळा आणता येऊ नये म्हणून संदेश एकाच लहरीवर न ठेवता ठरावीक क्रमाने एकीवरून दुसरीवर उड्या मारत न्यायचा. पियानोच्या पट्ट्यांइतक्या, म्हणजे ८८ लहरी त्यांनी धरल्या होत्या. आरमाराने तेव्हा ते वापरलं नाही. पण संदेश एका जागी न ठेवता पसरून टाकायचा, म्हणजे एकाच जागेत अनेकांना नांदता येतं, हा विचार पुढे वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वाटांनी वाढवला. वाय-फायच्या पहिल्या नियमावलीत जे मार्ग होते त्यातला एक या उड्या मारण्याचाच होता.

युद्ध संपलं आणि हवेत नवीन मुरमाड जमीन तयार झाली. तिची गोष्ट स्वयंपाकघरातली आहे. रडारसाठी लागणाऱ्या नळीपाशी काम करताना पर्सी स्पेन्सर या अमेरिकन तंत्रज्ञाच्या खिशातलं चॉकलेट वितळलं आणि त्यावरून १९४५ साली मायक्रोवेव्ह ओव्हनची कल्पना निघाली, असं सांगतात. असली लहरींनी तापवणारी यंत्रं बाजारात येऊ लागली. ती आजूबाजूच्या लहरींत खरखर माजवणार हे उघड होतं. म्हणून १९४७ साली अटलांटिक सिटीला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत उद्योगधंदे, विज्ञान आणि वैद्यक यांतल्या यंत्रांसाठी काही पट्टे बाजूला काढले गेले. २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा त्यातलाच. भट्टीशेजारची जागा. तिथे कुणी शहाणा माणूस बोलायला जाणार नाही, असाच समज होता.

तिथे बोलायला जायचं तर दोन गोष्टी लागणार होत्या. एक, गर्दीत बोलण्याची रीत. दुसरी, परवानगी.

रीत आली हवाई बेटांवरून. तिथल्या विद्यापीठातले नॉर्मन अब्रॅमसन यांना बेटाबेटांवरचे कॉम्प्युटर जोडायचे होते, आणि समुद्रातून वायर टाकणं परवडणारं नव्हतं. १९७१ साली त्यांनी 'अलोहानेट' सुरू केलं. अलोहा म्हणजे तिकडचा राम राम. रीत अशी : ज्याला बोलायचं त्याने बोलावं. दोघं एकदम बोलले आणि कुणाचंच कळलं नाही, तर प्रत्येकाने मनाशी एक कुठलातरी आकडा धरून तेवढा वेळ थांबावं आणि पुन्हा बोलावं. दोघांचे आकडे सहसा वेगळे येतात, त्यामुळे दुसऱ्या खेपेला टक्कर टळते. वाय-फायने त्यात भर घातली की आधी ऐकावं, कुणी बोलत नसेल तरच तोंड उघडावं. साठ मुलांचा वर्ग चालवलेल्या बाईला या रीतीची किंमत सांगायला नको. मॉनिटर नाही, छडी नाही, तरी वर्ग चालतो. फक्त प्रत्येकाने थोडं थांबायची तयारी ठेवायची.

परवानगी आली ९ मे १९८५ ला. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगात मायकेल मार्कस नावाचे अभियंते होते. त्यांनी नेटाने लावून धरलं, की भट्टीशेजारचे हे पट्टे लोकांना परवान्याशिवाय वापरू द्यावेत. अटी दोन-तीनच. ताकद कमी, जास्तीत जास्त १ वॅट. संदेश पसरलेला हवा. दुसऱ्यांना त्रास द्यायचा नाही, आणि दुसऱ्यांचा त्रास झाला तर तक्रार करायची नाही. त्यात काय काय पिकेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि गंमत बघा, साधारण त्याच सुमारास, १९८० च्या दशकाच्या मध्यावर, आपल्याकडची रेडिओची लायसन्सं बंद झाली. तिकडे लोकांना बोलायची मोकळीक मिळाली तेव्हा आपल्याला ऐकायची मिळाली.

या गायरानात पहिल्यांदा उतरलेल्यांमध्ये गल्ल्याची यंत्रं करणारी एनसीआर कंपनी होती. मोठ्या दुकानांत मांडणी बदलली की गल्ल्यांच्या वायरी उपटून पुन्हा टाकाव्या लागत. तिच्या नेदरलँड्समधल्या अभियंत्यांनी वायरीवाचून चालणारं जाळं तयार केलं. पण प्रत्येक कंपनीची बोली वेगळी असेल तर उपयोग काय? म्हणून १९९० मध्ये एक समिती बसली. त्याच कंपनीतले व्हिक हेस तिचे अध्यक्ष. समितीचा क्रमांक ८०२.११, आणि आजही अ‍ॅडाप्टरच्या खोक्यावर हाच आकडा छापलेला असतो, शोधून पाहा. सात वर्षं घासाघीस चालली आणि १९९७ साली नियमावली झाली. वेग सेकंदाला २ मेगाबिट. १९९९ मध्ये तो ११ झाला, 'वाय-फाय' हे बाजारी नाव ठेवलं गेलं आणि अ‍ॅपलने आपल्या आयबुकमध्ये ही सोय देऊन ती घराघरांत नेली.

वेग वाढायला एक अडचण होती. घरातल्या लहरी भिंतींवर, कपाटांवर आपटून परत येतात, आणि मूळ आवाज व प्रतिध्वनी यांची खिचडी होते. यावर एक प्रभावी तोड काढली ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने. तिथले जॉन ओ'सलिव्हन मूळचे आकाशवाले. १९७० च्या दशकात ते स्फोट पावणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे रेडिओसंकेत शोधत होते. संकेत काही मिळाले नाहीत, पण विस्कटलेल्या लहरी निवडायचं गणित हाती राहिलं, आणि पुढे ते इथे कामाला आलं. त्या पेटंटचे पैसे मिळवायला संस्थेला बड्या कंपन्यांशी कोर्टात भांडावं लागलं. २००९ आणि २०१२ मधल्या तडजोडींतून एकूण ४० कोटींहून जास्त ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले.

याच संस्थेचा एक धागा थेट आपल्या कल्याणपर्यंत येतो. गोविंद स्वरूप हे आपले थोर रेडिओ खगोलशास्त्रज्ञ १९५३ ते ५५ मध्ये सिडनीला याच संस्थेत शिकायला होते. तिथे वापरून झालेल्या ३२ लहान तबकड्या संस्थेने भारताला देऊन टाकल्या आणि १९६५ साली त्या कल्याणला उभ्या राहिल्या. पुढे याच स्वरूपांनी जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० महाकाय तबकड्या उभ्या केल्या. आकाश ऐकायला बसलेल्या लोकांनीच आपल्या घरातली कुजबुज निस्तरून दिली, असं म्हणायला हरकत नाही.

आता आपल्याकडची गोष्ट. १९९३ मध्ये हीरो कप क्रिकेटचे सामने दाखवायचे कुणी यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद पेटला. सरकारने आधार घेतला तो १८८५ च्या तार कायद्याचा! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं, म्हणजे आपल्या मराठी माणसाचं. त्याचं सार असं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकांच्या हितासाठीच व्हायला हवा. १९३३ साली हवा सरकारची होती. १९९५ साली न्यायालयाने सांगितलं, ती लोकांची आहे, सरकार राखणदार.

त्यानंतर दहा वर्षांनी, २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी परवान्यातून मोकळा झाला, घरात आणि घराबाहेरही. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला तेव्हा सूट मिळाली ती घरातल्या वापरापुरती, आणि २०१८ मध्ये बाहेरची. अटी त्याच जुन्या गायरानाच्या : त्रास देऊ नका, संरक्षण मागू नका, सगळ्यांनी मिळून वापरा. नातवाचं ते सहज वाक्य, "परवाना वगैरे काही लागत नाही", हे या अधिसूचनेवर उभं आहे. नाहीतर कॉम्प्युटरच्या पाठीला लावलेला बोटभर अ‍ॅडाप्टर म्हणजे कायद्याने चक्क विनापरवाना प्रक्षेपण केंद्र!

वेग कमी का येत होता, तेही सांगून टाकते. २.४ चा पट्टा गजबजलेला आहे. त्यातली १३ चॅनेल एकमेकांवर पसरलेली असतात, एकमेकांत न मिसळणारी अशी तीनच धरता येतात, १, ६ आणि ११. इमारतीतल्या साऱ्या घरांनी त्याच तीन जागांवर गर्दी केलेली, त्यात शेजारी कुणी मायक्रोवेव्ह लावला की भट्टी पेटलीच. ५ च्या पट्ट्यात गर्दी कमी आणि वेग जास्त, पण त्या लहरी भिंतींना लवकर दमतात. नातवाने राउटर दाराच्या रेषेत सरकवला, ५ चं नाव निवडलं आणि काम भागलं.

गायरानाच्या गोष्टीत अतिक्रमणही आलंच. आमच्या गावचं गायरान आता पूर्वीच्या निम्मंही उरलेलं नाही. मुरमाड होतं तोवर कुणी ढुंकून पाहिलं नाही, भोवती वस्ती वाढली, भाव आला आणि कुंपणं पडू लागली. हवेतही भाव आलेला आहे. मोबाइलच्या लहरींचे लिलाव हजारो कोटींत जातात. ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरून आपल्याकडे बरीच वर्षं ओढाताण चालली. मोबाइल कंपन्यांना तो लिलावाने हवा होता, बाकीच्यांचं म्हणणं की मोकळा ठेवा. मे २०२५ मध्ये सरकारने त्यातला खालचा भाग परवानामुक्त करण्याचा मसुदा काढला. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेत नवा दूरसंचार कायदाही संमत झाला, १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांची जागा घेण्यासाठी. सगळंच मोकळं ठेवा असं मी म्हणत नाही. विमानं, जहाजं, रुग्णवाहिका, मोबाइल यांना आखून दिलेली जागा हवीच. टायटॅनिकचा धडा खोटा नव्हता. पण प्रत्येक गावाला थोडं गायरान हवं. २०० मीटरच्या खाली आणि भट्टीच्या शेजारी जे उगवलं ते कुठल्याही लिलावात बोली लावून उगवलं नसतं, कारण काय उगवणार हेच कुणाला माहीत नव्हतं. ज्या जमिनीचा हिशेब कुणी मागत नाही, तिथेच माणसं काहीतरी करून बघतात.

आणि ते टिकवणं नुसतं सरकारच्या हाती नाही. आधी ऐका, कुणी बोलत असेल तर थांबा, आपला आवाज गरजेपुरताच ठेवा, टक्कर झालीच तर वाद न घालता जरा वेळाने पुन्हा बोला. आज आपल्या घराघरांतली कोट्यवधी यंत्रं हे नियम सेकंदाला शेकडो वेळा पाळतात, म्हणून एका इमारतीत पन्नास जाळी नांदतात. माणसांच्या सभेत मला हे क्वचितच पाहायला मिळालं आहे!

असो. लिहिता लिहिता फारच लांबलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी माळ्यावर रेडिओच्या लायसन्सचं जुनं पुस्तक असेल तर त्याचा फोटो जरूर पाठवा. आमचं पुस्तक घरं बदलताना कुठेतरी गेलं. भाचेमंडळींनी आपापल्या आजोळच्या ट्रंका उघडून बघाव्यात, आणि सापडलंच तर मुलांना ते हातात देऊन सांगावं, की तुम्ही ज्या हवेत फुकट बोलता, तिच्यात नुसतं ऐकायला एके काळी शिक्का लागत असे.